हिऱ्याचे तिसरे भावंड

हीरक महोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने देणगीदारांचे आभार मानावेत, निकालांचा आढावा घ्यावा आणि भावी संकल्प मांडावेत, असा रिवाज आहे. ते कर्तव्य मी आरंभीच्या मनोगतात पार पाडले आहे. येथे मात्र तीस वर्षे इतिहास शिकविणारी एक शिक्षिका म्हणून मला एक निराळी हकिकत सांगायची आहे. ती विज्ञानाची आहे आणि तिचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे प्रारंभी वाटेल. पण ‘हीरक’ या शब्दापासूनच तो संबंध सुरू होतो.

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. पेन्सिलीतले शिसे आपण म्हणतो ते ग्रॅफाइटही कार्बनच. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या दोघांना कार्बनची अपरूपे म्हटले आहे आणि त्यांच्या पंक्तीला तिसरे अपरूप बसविले आहे, फुलरीन. या फुलरीनच्या सर्वांत प्रसिद्ध रेणूत कार्बनचे अणू किती असतात? बरोबर साठ. साठ वर्षांच्या शाळेने, हिऱ्याच्या नावाने उत्सव करताना, साठ अणूंच्या या भावंडाची आठवण काढली तर ते अप्रस्तुत ठरू नये.

आणखी एक कारण आहे. गेल्या जूनमध्ये एक आई पाचवीच्या प्रवेशासाठी आली होती. मुलगी चुणचुणीत होती, तिला आकाशातले तारे ओळखता येत होते. आईने फॉर्म हातात घेतला आणि संकोचाने विचारले, “बाई, मराठीतून शिकून पुढे हिला विज्ञान झेपेल का हो?” अशा प्रश्नाला आम्हा मराठी शाळेतल्या शिक्षकांचे उत्तर पाठ असते. मातृभाषेतून संकल्पना पक्क्या होतात, हे मी सांगितले, आपल्या शाळेतून डॉक्टर आणि अभियंते झालेल्यांची नावे सांगितली. आईने सारे आदराने ऐकून घेतले, फॉर्म पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. ज्या पाचवीच्या एके काळी तीन तुकड्या भरत, तिची आज एकच तुकडी आहे. माझे उत्तर खोटे नव्हते, पण ते अपुरे होते, हे मला मागाहून कळले. कळले ते चेन्नईत, आणि या साठ अणूंच्या चेंडूमुळे.

एका शैक्षणिक परिषदेच्या निमित्ताने मी चेन्नईला गेले असता, तेथे रसायनशास्त्रात संशोधन करणारा आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. सरदार पटेल रस्त्याने तो मला हिंडवीत होता. एका बाजूला केंद्रीय चर्म संशोधन संस्था, दुसऱ्या बाजूला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटी मद्रासचे, वडापिंपळांनी झाकलेले आवार. आत हरणे मोकळी फिरतात. त्या सावलीत बसून त्याने मला जे सांगितले आणि मागाहून मी जे वाचले, ते असे आहे.

सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी, राईस विद्यापीठात, हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली हे शास्त्रज्ञ व त्यांचे विद्यार्थी ग्रॅफाइटवर लेसर किरणांचा मारा करीत होते. ताऱ्यांच्या परिसरात कार्बनच्या लांब साखळ्या कशा बनत असतील, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. यंत्राने मात्र पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दाखविली: साठ अणूंचा एक पुंजका विलक्षण स्थिर आहे. त्याची रचना काय असावी? स्मॉली यांनी रात्री कागदाचे षट्कोन आणि पंचकोन कापून जोडून पाहिले. बारा पंचकोन आणि वीस षट्कोन यांचा एक बंद चेंडू तयार झाला. त्याला कोपरे साठ, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक अणू. घुमटांच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून या रेणूला नाव मिळाले. १९९६ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

इतके ऐकून मी म्हटले, “म्हणजे हा शोध इंग्रजीतच लागला.” त्यावर तो हसला. “नाही बाई, हा चेंडू पंधरा वर्षे आधी एकाने जपानी भाषेत लिहून ठेवला होता.”

एजी ओसावा हे ते जपानी रसायनशास्त्रज्ञ. १९६६ साली अमेरिकेत बार्थ आणि लॉटन यांनी कोरॅन्युलीन नावाचा रेणू तयार केला होता. मध्ये एक पंचकोन आणि त्याला वेढणारे पाच षट्कोन, अशी त्याची रचना. ती सपाट राहात नाही, उथळ वाटीसारखी किंचित खोलगट होते. ओसावांच्या ध्यानात आले की ही वाटी म्हणजे फुटबॉलच्या कवचाचा एक तुकडाच आहे. काळे पंचकोन आणि पांढरे षट्कोन यांचा तो फुटबॉल १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकाने घरोघरी पोचविला. त्याच वर्षी ओसावांनी ‘कागाकू’ या जपानी नियतकालिकात लिहिले की साठ कार्बन अणूंचा असा संपूर्ण चेंडू अस्तित्वात असू शकेल. लेख जपानीत होता. जपानबाहेर तो कोणी वाचला नाही. १९७३ साली बोचवार आणि गालपेर्न या रशियन शास्त्रज्ञांनी याच रेणूची गणिते मांडली, त्यांच्याकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. ह्यूस्टनच्या चमूने कागद कापले ते या दोन्ही लेखनांची वार्ता नसताना. पुढे क्रोटो यांनी आपल्या लेखनात ओसावांचे श्रेय मोकळेपणाने नोंदविले.

ही हकिकत ऐकून मी काही वेळ गप्प राहिले. ती आमच्या बाजूची आहे असे मला वाटेना. पाचवीच्या त्या आईने हीच गोष्ट पुढे केली असती, तर मी काय उत्तर दिले असते? मातृभाषेत लिहिलेले ज्ञान जगाला दिसलेच नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एखादी हकिकत अर्ध्यावर सोडू नये. ओसावांच्या त्या वाटीचे पुढे काय झाले, ते पाहिल्यावाचून निवाडा करता येत नाही.

त्यासाठी एका दुसऱ्या शास्त्राकडे वळावे लागते. त्या शास्त्राचे वय साधारण आपल्या शाळेइतकेच आहे. १८९४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी म्हटले होते की विकर आणि त्याचे कार्यद्रव्य एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसतात. निसर्ग हे काम सतत करतो. माणसाला ते प्रयोगशाळेत करून दाखवायला मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. चार्ल्स पेडरसन हे अमेरिकेतील एका रासायनिक कंपनीत काम करीत. जन्म कोरियातील बुसानचा, वडील नॉर्वेजियन, आई जपानी, आणि जवळ डॉक्टरेट नव्हती. भलतेच संयुग बनविताना त्यांना अवघे ०.४ टक्के असे पांढरे स्फटिक मिळाले. ते फेकून न देता त्यांनी तपासले. तो मुकुटासारखा कडा असलेला एक वलयाकार रेणू निघाला, आणि त्याच्या मधल्या पोकळीत धातूचा आयन नेमका बसत होता. वलय मोठे असेल तर पोटॅशियम, त्याहून लहान असेल तर सोडियम, आणखी लहान असेल तर लिथियम. हे काम १९६७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा पेडरसन बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचे होते. फ्रान्सचे झाँ-मारी लेन आणि अमेरिकेचे डोनाल्ड क्रॅम यांनी हा विचार पुढे नेला आणि १९८७ साली तिघांना नोबेल मिळाले. एका रेणूने दुसऱ्याला रासायनिक बंध न जोडता नुसते सामावून घ्यायचे, हे या शास्त्राचे सूत्र. सामावून घेणारा तो यजमान, सामावला जाणारा तो पाहुणा. ही नावे मी दिलेली नाहीत, या शास्त्रात ती याच अर्थाने रूढ आहेत.

क्रॅम यांनी यजमानाविषयी एक मर्माची गोष्ट दाखविली. पाहुणा आल्यावर मग घर आवरायला घेणारा यजमान दुबळा असतो. ज्याची पोकळी आधीपासूनच पाहुण्याच्या मापाने सज्ज असते, तो पाहुण्याला घट्ट धरतो आणि इतरांतून अचूक निवडतोही.

आता या शास्त्रापुढे साठ अणूंचा चेंडू आला. १९९० साली जर्मनीतील हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेट्शमर आणि अमेरिकेचे डोनाल्ड हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटवून, त्या काजळीतून फुलरीन वजनाने मोजता येईल इतके मिळविले. पण काजळीत साठ अणूंच्या चेंडूबरोबर सत्तर अणूंचा, अंडाकृतीकडे झुकणारा भाऊही येतो. त्याच्यातही पंचकोन बाराच असतात, षट्कोन तेवढे वीसाचे पंचवीस होतात. दोघे एकाच विद्रावकात विरघळतात. साठचा रंग जांभळट, सत्तरचा तांबूस. त्यांना वेगळे करणे हे वेळखाऊ आणि महागडे काम होते. म्हणून प्रश्न आला: यातला एकच नेमका ओळखून धरील असा यजमान रेणू घडविता येईल का?

हा प्रश्न पोटॅशियमच्या प्रश्नाहून अवघड आहे. पोटॅशियमच्या आयनावर विद्युतभार असतो, त्याला आकर्षणाने ओढता येते. फुलरीनवर भार नाही, बाहेर आलेला एखादा गट नाही, पकडायला कडा नाही की कोपरा नाही. सर्व बाजूंनी सारखा, गुळगुळीत, रुंदीला सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याला धरायचे तर पृष्ठभागाला पृष्ठभाग लागून जे क्षीण आकर्षण निर्माण होते, त्याच्याच बळावर. एका ठिकाणचे असे आकर्षण नगण्य असते. म्हणून स्पर्श पुष्कळ ठिकाणी व्हायला हवा. शिवाय ज्या विद्रावकात हे सारे चालते, त्याचे रेणूही चेंडूला बिलगलेले असतात. यजमानाने त्यांना बाजूला सारून जागा घ्यायची असते.

माझ्या विद्यार्थ्याने हे मला एका वाक्यात समजावले. “बाई, लाडू वळताना तळहात आपोआप खोलगट होतो ना? सपाट हाताने लाडू वळत नाही. एवढेच.” गोल पाहुण्याला खोलगट यजमान हवा, आणि खोली त्याच्या गोलाईला जुळणारी हवी.

हे हात कोणकोणत्या पदार्थांचे केले गेले? १९९२ साली स्वीडनमधील संशोधकांनी पिष्टापासून मिळणारे गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन वापरले. ग्लुकोजच्या आठ घटकांचे ते कडे असते. अशी दोन कडी समोरासमोर येऊन एका चेंडूला ओंजळीत घेतात, आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारा फुलरीन पाण्यात उतरतो. १९९४ साली ॲटवुड, कूट्सान्टोनिस आणि रॅस्टन यांनी कॅलिक्सअरीन नावाचा रेणू घेतला. ग्रीक पेल्याच्या नावावरून त्याला हे नाव पडले आहे. काजळीच्या द्रावणात त्याचा आठ घटकांचा प्रकार टाकला की तो साठच्या चेंडूला निवडून तळाशी बसतो आणि सत्तरचा बहुतांश द्रावणातच राहतो. मग त्यावर क्लोरोफॉर्म घातले की यजमान विरघळतो आणि पाहुणा मोकळा होतो. त्याच वर्षी जपानमध्ये शिंकाई आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखविले. १९९९ साली तोक्योमध्ये आयदा यांच्या गटाने पॉर्फिरिनच्या दोन पाट्या जोडून त्यांच्या मध्ये चेंडू धरला. रक्तातील हीम आणि पानांतील हरितद्रव्य ज्या कुळातले, त्याच कुळातला हा रेणू. पॉर्फिरिन सपाट असूनही फुलरीनशी त्याचे विलक्षण जुळते, हे त्याआधीच स्फटिकांच्या अभ्यासात दिसले होते.

आणि २००७ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सिगुला यांच्या गटाने एक चिमटा तयार केला. त्याच्या दोन्ही टोकांना खोलगट वाट्या होत्या, आणि त्या दोन वाट्यांच्या मध्ये साठ अणूंचा चेंडू नेमका बसला. त्या वाट्या कोणत्या? कोरॅन्युलीनच्या. ज्या वाटीकडे पाहून ओसावांना चेंडू सुचला, तीच वाटी सदतीस वर्षांनी चेंडूला धरणारा हात झाली. ज्या विचाराकडे १९७० मध्ये जगाने पाहिले नाही, तो खरा होता, आणि त्याचे दोन्ही अर्धे शेवटी एकमेकांना येऊन भेटले.

यात चेन्नई कोठे आहे? ती आरंभापासून आहे. रेणूंचे आकार आणि त्यांचे जुळणे यांचा अभ्यास या शहरात फुलरीन सापडण्याच्या किती तरी आधीपासून चालत आला. १९५२ साली गो. ना. रामचंद्रन हे तिशीतील प्राध्यापक मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले. चर्म संशोधन संस्थेकडून मिळालेल्या कोलॅजेनवर क्ष-किरण सोडून, गोपीनाथ कर्ता यांच्यासह त्यांनी १९५४ साली दाखविले की आपल्या कातडीत आणि स्नायुबंधांत असलेले हे प्रथिन तीन पेडांच्या वेणीसारखे असते. १९६३ साली रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह त्यांनी प्रथिनांच्या आकाराचा जो नकाशा मांडला, तो आज जगभर त्यांच्या नावाने शिकविला जातो. त्याचे मूळ तत्त्व साधे आहे: एकमेकांशी बंध नसलेले दोन अणू एका ठरावीक अंतराहून जवळ येऊ शकत नाहीत. कोणता पाहुणा कोणत्या पोकळीत मावेल, हे ठरविणारा नियमही हाच.

पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली स्थापन झालेल्या आयआयटी मद्रासमध्ये १९९३ साली टी. प्रदीप रुजू झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी फुलरीनवर आरंभीचे काम केले होते. २०१८ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील पाप्री चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी एक निराळाच यजमान पुढे आणला. चांदीचे २९ अणू, त्यांच्याभोवती बेंझीनची कडी असलेल्या बारा रेणूंचे आवरण, असा एक नेमक्या अणुसंख्येचा पुंजका. त्याला आत पोकळी नाही. पण त्याच्या पृष्ठभागावर चेंडूला टेकता येईल अशा ठरावीक जागा आहेत. एकापासून नऊपर्यंत फुलरीन त्याला येऊन चिकटतात. चार असले की चतुष्फलकाच्या टोकांवर बसतात, आठ असले की किंचित वाकड्या घनाच्या कोपऱ्यांवर. सत्तर अणूंचा भाऊही तसाच वागतो. मला सर्वांत भावले ते पुढचे. चांदीचा हा पुंजका नाजूक असतो. फुलरीन येऊन बसले की त्याचा गाभा अधिक टिकाऊ होतो. पाहुण्यांनी यजमानाचे घर सावरले.

हे वाचताना मला त्याच तमिळ भूमीतला आणखी एक इतिहास आठवला. चेन्नईपासून दक्षिणेस तंजावरला दुसरे सरफोजीराजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरीचा छापखाना उभारला आणि इसापच्या गोष्टी ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. मुंबईत गणपत कृष्णाजींचा छापखाना निघाला तो त्यानंतर. ग्रीसमधल्या गोष्टी तमिळ देशात मराठी मुलांसाठी छापल्या जात होत्या. राजांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत होते. मराठी छापण्यासाठी त्यांनी ते विसरले नाही आणि इंग्रजी येते म्हणून मराठी सोडली नाही.

तेव्हा ओसावांच्या हकिकतीचा निवाडा मी असा करते. जपानीत विचार केल्यामुळे त्यांचे काही अडले नाही. उलट, जगातील पहिला चेंडू त्याच भाषेत सुचला. अडले ते पुढच्या पायरीवर, तो विचार इतरांपर्यंत पोचविताना. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत आणि आम्ही मराठी शाळांनी त्यांची गल्लत केली आहे. पहिली पायरी पक्की आहे म्हणून दुसरीकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही. आपला विद्यार्थी चेन्नईत तमिळ, तेलुगू, बंगाली सहकाऱ्यांबरोबर काम करतो ते इंग्रजीत, आणि त्यासाठी पहिली दोन वर्षे त्याला फार कष्ट पडले, हे त्याने मला स्पष्ट सांगितले. ते कष्ट कमी करणे हे आपले काम होते. पण सपाट हाताने लाडू वळत नाही, हे त्याला ज्या भाषेत उमगले, ती येथल्या वर्गातली होती.

त्या आई पुन्हा भेटल्या तर मी माजी विद्यार्थ्यांची यादी वाचणार नाही. मी म्हणेन, “तुमच्या मुलीला येथे मराठीत विचार करायला शिकवू, आणि तो विचार इंग्रजीत नीट मांडायलाही शिकवू. दोन्ही गोष्टींचे वेळापत्रक हे पाहा.” ते वेळापत्रक या जूनपासून लागू होत आहे. त्यातील इंग्रजी लेखनाचे दोन जादा तास आठवीपासून सुरू होतील, आणि विज्ञानाचा तास पूर्वीप्रमाणेच मराठीत राहील.